साखळीचा स्लिंग की पॉलिस्टरचा पट्टा?

क्रेनने भार उचलताना होणाऱ्या अपघातांत दोष बहुधा क्रेनला दिला जातो. प्रत्यक्षात हूक आणि भार यांच्यामधला स्लिंगच, म्हणजे भार हुकाला अडकवणारी साखळी किंवा पट्टाच, अनेकदा दगा देतो. पॉलिस्टरचा पट्टा हलका असल्याने बोटे चेमटण्याचा व पाठ भरण्याचा धोका कमी होतो आणि रंगवलेल्या भागावर ओरखडेही पडत नाहीत. मात्र पत्र्याच्या धारदार कडेवर ताणाखाली तो जरासा सरकला, तरी सुरीने कापावा तसा क्षणात तुटतो. म्हणून कडेला संरक्षक पॅड लावल्याशिवाय तो वापरू नये. शिवाय १०० अंश सेल्सिअसपुढे तो निषिद्धच.

मिश्रपोलादाची ग्रेड ८० (ताकदीची प्रतवारी) साखळी २०० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालते आणि तिची ताणलेली किंवा झिजलेली कडी मोजून ओळखता येते. पट्ट्याच्या आतले तुटलेले धागे मात्र डोळ्यांना दिसतीलच असे नाही. ओतशाळेत किंवा खडबडीत कामात साखळीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोनाचा नियम दोघांनाही सारखाच: दोन पायांचा (हुकापासून भाराकडे जाणाऱ्या दोन फांद्यांचा) स्लिंग आडव्या रेषेशी ३० अंशांवर आला, की प्रत्येक पायावर संपूर्ण भाराइतका ताण येतो.