स्पोर्ट्समन ५७० वर वॉर्न व्हीआरएक्स ३५-एस : विंच दमदार, खरी परीक्षा प्लेटची आणि वायरींची

पोलारिस स्पोर्ट्समन ५७० या एटीव्हीला (शेतात-चिखलात चालणाऱ्या चारचाकीला) विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं बॅटरीवरचं यंत्र, लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पंचवीसशे, पस्तीसशे की पंचेचाळीसशे? वॉर्न कंपनीच्या व्हीआरएक्स मालिकेत ओढण्याच्या ताकदीचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही पाउंडात आहेत. किलोत धरले तर साधारण ११३४, १५८८ आणि २०४१. दुकानदार बहुधा सर्वांत मोठा पुढे करतो, आणि "असू दे, जास्त ताकद कुठे वाया जाते?" म्हणून आपणही मान डोलावतो. एटीव्हीवर ती वाया जाते. कशी, ते वायरिंगपाशी आल्यावर कळेल.

आधी हिशेब मांडू. गाडीचं कोरडं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, टाकीभर पेट्रोल बारा-तेरा किलो, चालवणारा ऐंशी, मागच्या रॅकवर खताच्या दीड-दोन गोण्या. म्हणजे पाचशे किलो धरून चाला. एकूण वजनाच्या दीडपट ताकद हवी, असा ढोबळ नियम सगळीकडे सांगतात. त्याने साडेसातशे किलो येतात आणि पंचवीसशेचा विंच आरामात पुरेल असं वाटतं. पण तो नियम कोरड्या, बऱ्यापैकी सपाट जमिनीचा. चाकं अर्धी चिखलात गेली की नुसता चिखलच गाडीच्या वजनाइतकं धरून ठेवतो, आणि मडगार्डपर्यंत रुतली की दुप्पट. चिखलणी केलेल्या भाताच्या खाचरात किंवा पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत दुसरा प्रकार नेहमीचा. म्हणजे हजार किलो. त्यात पंधरा अंशांचा चढ आला तर आणखी सव्वाशे-दीडशे. पंचवीसशेचा विंच इथेच संपला.

शिवाय डब्यावर छापलेला आकडा ड्रमवरच्या (दोर गुंडाळायच्या नळकांड्यावरच्या) पहिल्या थराचा असतो. दोराचे थर चढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो, आणि मोटरचा जोर तेवढाच राहून ओढ घटते. भरलेल्या ड्रमच्या सर्वांत वरच्या थरावर एक तृतीयांशाच्या आसपास ताकद गेलेली असते. पस्तीसशेचा विंच तिथे हजार-अकराशे किलोच ओढतो. म्हणून झाड तीन मीटरवर असलं तरी हाताशी आहे म्हणून त्यालाच हूक अडकवणं चुकीचं; लांबचं झाड धरून जास्तीत जास्त दोर सोडला की तोच विंच जोरात ओढतो. एवढं पाळलं तर ५७० ला पस्तीसशे योग्य. पंचेचाळीसशे रेंजरसारख्या साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायच्या, मोठ्या) गाड्यांना शोभतो. त्याचा दोर जाड, सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास (पस्तीसशेचा पावणेपाच), आणि पुढच्या चाकांवरचं वजनही वाढतं.

"एस" म्हणजे सिंथेटिक दोर. १५ मीटर येतो. कोकणात आणि गोव्यात डोळे मिटून हाच घ्यावा. खाऱ्या हवेत तारेचा दोर दोन पावसाळ्यांत गंजायला लागतो, एकेक तार तुटून बाहेर येते आणि चामड्याच्या हातमोज्यातूनही बोटात शिरते. सिंथेटिक तुटला तरी तारेसारखा सपकन मागे येत नाही. पण त्याचे दोन वैरी आहेत. पहिला जांभा. जांभ्या दगडाची धार दोराला करवतीसारखी लागते, त्यामुळे गडग्यावरून किंवा बांधावरून दोर जाणार असेल तर खाली गोणपाटाची चौपदरी घडी हवीच. दुसरा चिखल. बारीक वाळू धाग्यांच्या आत जाऊन बसते आणि प्रत्येक ओढीत आतून कापत राहते. बादलीत साधं पाणी घेऊन दोर त्यात बुचकळून, हाताने पिळून काढावा. प्रेशर वॉशर नको, त्याने वाळू उलट आत जाते. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे गाडी बाराही महिने उन्हात उभी असते, तिथे ड्रमवर झाकण घालावं, नाहीतर दोराचा वरचा थर पांढुरका पडून केसाळ होतो.

परदेशातली परीक्षणं वाचून निर्णय घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडे निम्म्या लोकांना विंच हवा असतो तो बर्फ ढकलायचं पातं उचलायला. तो वापर वेगळा: दोर हातभरच, पण दिवसातून शंभरदा वर-खाली. अमेरिकेत मिनेसोटातल्या भावाने शिफारस केलेला विंच रत्नागिरीच्या बागेत चालेलच असं नाही.

आता प्लेट, म्हणजे विंच ज्यावर बसतो तो जाड पत्रा. विंच कितीही चांगला असला तरी त्याची सगळी ओढ शेवटी प्लेटच्या चार-सहा बोल्टांतून चॅसीत जाते. तुमच्या मॉडेलची आणि सालाची तयार प्लेट मिळत असेल तर तीच घ्या. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायची असेल तर पत्रा ५ मिमीपेक्षा पातळ नको, आणि प्लेट चॅसीला आधीच असलेल्या भोकांत बसली पाहिजे. नुसत्या पुढच्या बंपरला वेल्ड केलेली प्लेट सरळ ओढीत टिकते. तिरक्या ओढीत बंपर पिळतो आणि रेडिएटर त्याच्या मागेच असतो. चॅसीच्या नळीला नवीन भोकं पाडू नयेत. फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो ते तोंड, विंचाबरोबर आलेलंच लावा. वेगळं घेतलंच तर आधी त्याच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा: बाजारात अरुंद ड्रमसाठी १२४ मिमी आणि रुंद ड्रमसाठी १५२ मिमी असे दोन प्रकार चालतात आणि ते एकमेकांना बसत नाहीत. सिंथेटिकला ॲल्युमिनियमचं गुळगुळीत तोंड हवं. ज्या रोलरवरून तारेचा दोर फिरलाय त्यावर ओरखडे असतात, त्यावर नवा सिंथेटिक दोर चढवणं म्हणजे तो फुकट घालवणं.

बोल्ट बदलायची खोड अनेक मेकॅनिकना असते. डब्यातला बोल्ट आखूड वाटतो म्हणून दहा मिमी लांब बोल्ट लावतात. विंचाच्या पायातलं भोक आरपार नसेल तर लांब बोल्ट तळाला टेकतो, पाना कडक लागतो, सगळ्यांना वाटतं घट्ट झाला, आणि प्रत्यक्षात प्लेट आणि पाय यांच्यात कागद सरकेल इतकी फट राहते. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत बोल्ट कापला जातो. डब्यातलेच बोल्ट, त्याखाली स्प्रिंग वॉशर, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळायचे. आठ मिमीच्या बोल्टला वीस-पंचवीस न्यूटन-मीटरपलीकडे जायचं कारण नाही. ट्रकच्या चाकाच्या जोराने आवळले तर आटे निघतात.

वायरिंगला घाई नको. विंचातून निळी आणि पिवळी अशा दोन जाड वायरी कॉन्टॅक्टरवर (मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या रिलेवर) येतात, कॉन्टॅक्टरवरून लाल आणि काळी बॅटरीवर जातात. त्याच्या खांबांना (वायरी जोडायच्या बोल्टांना) रंग दिलेले असतात, त्यामुळे जोडणी सोपी आहे. कॉन्टॅक्टर बॅटरीजवळ, उभा, सायलेन्सरपासून लांब बसवा. बॅटरीचं ऋण टोक काम सुरू करण्याआधी काढायचं आणि सगळ्यात शेवटी लावायचं. हँडलच्या डाव्या बाजूला स्विच येतो. त्याची एक बारीक वायर अशा ठिकाणाहून घ्यायची असते जिथे किल्ली फिरवल्यावरच करंट येतो. टेस्ट लॅम्पने ती शोधा आणि ५ अँपिअरचा फ्यूज घाला. कंटाळा करून ती थेट बॅटरीला जोडणारे भेटतात. मग गाडी बंद असताना पोराने स्विच दाबला तरी विंच फिरतो.

जाड वायरी नेताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, सस्पेन्शन दाबून बघा. जिथे वायर पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि वरून प्लास्टिकची नळी हवी. या मुख्य वायरींवर सहसा फ्यूज नसतो. इन्सुलेशन घासून उघडं पडलं तर गाडीच पेटते.

मोठा विंच एटीव्हीला का झेपत नाही ते इथे कळतं. या वर्गातला विंच पूर्ण भाराला २०० अँपिअरच्या घरात करंट खेचतो. गाडीचं चार्जिंग अर्ध्या किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पस्तीस-चाळीस अँपिअर, तेही इंजिन रेसवर असताना. बाकीचं सगळं छोट्याशा बॅटरीतून; मोठ्या विंचाची जादा ताकद पुरवायला वीजच उरत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून ओढायचं, पंधरा-वीस सेकंद ओढलं की थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं. आणि जोडणीचं महत्त्वही याच आकड्यात आहे. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण) नीट दाबून बसवला नाही आणि तिथे फक्त ५ मिलिओहम रोध राहिला, तर २०० अँपिअरला त्या एका जागी एक व्होल्ट पडतो आणि २०० वॉट उष्णता तयार होते. पंचवीस वॉटच्या आठ सोल्डरिंग आयर्न एकदम एका लगला लावल्यासारखं. सोल्डर केलेला लग इथे वितळून सुटतो, म्हणून हायड्रॉलिक क्रिम्पिंगच (यंत्राने दाबून बसवणं) करून घ्या. वायर वाढवावी लागली तर तांब्याचीच, १६ चौरस मिमीपेक्षा कमी नको. "विंचात दम नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा मोटरमध्ये नसून हिरवट पडलेल्या लगमध्ये असतं.

या किटमध्ये आम्हाला खटकणारी एक गोष्ट म्हणजे मुख्य लाल वायरीवर कट-ऑफ स्विच नाही. भार असताना स्विच पुन्हा पुन्हा टक-टक दाबला की कोणत्याही कॉन्टॅक्टरचे आतले पॉइंट चिकटू शकतात. मग बोट काढलं तरी विंच ओढतच राहतो, आणि भाराखाली क्लच (ड्रम मोटरपासून सोडवणारा खटका) सुटत नाही. हाताशी कट-ऑफ असेल तर एका झटक्यात थांबवता येतं, नाहीतर सीट उचलून पाना शोधेपर्यंत हूक फेअरलीड फोडतो. दोनशे अँपिअर सहन करणारा स्विच वेगळा विकत घेऊन बसवाच. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा.

दोर नेहमी ड्रमच्या खालच्या बाजूने बाहेर आला पाहिजे. पहिल्यांदा बसवताना हीच चूक सर्वांत जास्त होते: दोर पूर्ण सोडतात, बटण दाबूनच ठेवतात, आणि तो उलट्या बाजूने गुंडाळायला लागतो. विंच ओढतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. पण विंचाच्या आतला ब्रेक एकाच दिशेने भार धरायला बनवलेला असतो, उलट गुंडाळलेल्या दोरावर तो घसरतो आणि चढावर गाडी हळूहळू मागे येते. दोर बरोबर बाजूने आहे, पण स्विच "आत" दाबल्यावर तो बाहेर जातो, असं असेल तर विंचाकडच्या निळ्या-पिवळ्याची अदलाबदल करा. बॅटरीच्या वायरींना हात लावू नका.

नवा दोर हलक्या चढावर गाडी स्वतःच ओढत, हाताचा ब्रेक किंचित धरून, ताणाखाली गुंडाळायचा. सैल गुंडाळला तर पहिल्याच मोठ्या ओढीत वरचा थर खालच्या थरांत घुसतो आणि सोडवताना संध्याकाळ होते. वापरताना सिंथेटिकचे किमान दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. ड्रमवर खोचलेलं टोक भार घेत नाही, भार घेतात ते वेढे.

क्लचचा गोल खटका मोठा आहे, चिखलाने माखलेले हातमोजे घालूनही फिरतो. ही या विंचाची खरी जमेची बाजू. मात्र तो अर्धवट अडकून राहिला तर गिअरचे दात जातात. खटका लावल्यावर दोर हाताने ओढून बघा, ड्रम हलता कामा नये. आणि ड्रम फिरत असताना खटका कधीच टाकू नका.

आयपी६८ हे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग विंचाचं आहे, तुमच्या लगचं नाही. सगळ्या खांबांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस हवं. दिवाळीनंतर जी गाडी मेपर्यंत शेडमध्ये उभी राहते तिचा विंच महिन्यातून एकदा दोर पूर्ण बाहेर-आत करून चालवावा. नाहीतर जूनमध्ये पहिल्याच दिवशी क्लच जाम झालेला सापडतो.

किटबरोबर आणखी तीन वस्तूंचे पैसे बाजूला ठेवा: झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, स्नॅच ब्लॉक आणि दोन शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या जाड कड्या). स्नॅच ब्लॉक म्हणजे उघडणारी कप्पी. दोर झाडापर्यंत जाऊन परत गाडीच्या हूकपॉइंटला आला की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा आणि मोटरचा करंटही बराच कमी. पोहोच मात्र पंधरावरून सातवर येते, म्हणून पट्टा लांब घ्या. दोराचा हूक त्याच दोराला अडकवायचा नाही, दोर तिथेच कापला जातो.

झाड बघून निवडा. साग, ऐन, आंबा चांगले. पांगारा आणि शेवगा नको. पांगारा मऊ, शेवगा कडकन मोडतो. पट्टा बुंध्याच्या अगदी तळाशी हवा. खाचरात झाडच नसेल तर तीन पहारी एका रेषेत, दीड-दोन मीटरच्या अंतराने, ओढीच्या उलट दिशेला कलत्या ठोकायच्या. पुढच्या पहारीचं डोकं मधल्या पहारीच्या पायाला बांधायचं, मधलीचं डोकं मागच्या पायाला, आणि पट्टा पुढच्या पहारीच्या तळाशी. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, माणसं बाजूला काढा, गिअर न्यूट्रलला आणा, आणि मगच बटण दाबा.