आईच्या गुडघ्यांसाठी ॲक्युपंक्चर: जळगावच्या दवाखान्यातील दहा सिटिंगचा अनुभव

माझी आई ६८ वर्षांची असून धरणगाव तालुक्यातील आमच्या शेतात तिची उभी हयात कापूस वेचण्यात गेली आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाल्याचे हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले होते. शस्त्रक्रियेची घाई नव्हती, पण वेदनाशामक गोळ्या रोज घेणेही पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसणारे नव्हते, म्हणून आम्ही जळगावातील एका ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करणाऱ्या, दवाखान्यात दहा सिटिंग घेतल्या.

पहिल्या दिवशी पाकिटातून सुया बाहेर निघेपर्यंतच पाऊण तास गेला. डॉक्टरांनी एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पाहिली, झोप, भूक, पोट साफ होते का, हातपाय गार पडतात का, असे गुडघ्याशी संबंध नसल्यासारखे वाटणारे प्रश्न विचारले, जीभ पाहिली आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. नाडी पाहणे आपल्या वैद्यांकडेही असते, त्यामुळे आईला त्यात काही परके वाटले नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि पेसमेकर बसवला आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारले. जो हे विचारणार नाही, त्याच्या टेबलावर मी आईला झोपवणार नाही.

सुईची धास्ती सगळ्यांनाच असते. ही सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची आणि भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. प्रत्येक वेळी बंद पाकीट आमच्यासमोर फोडले गेले आणि वापरलेल्या सुया तिथल्या तिथे डब्यात टाकल्या गेल्या. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बिंदूला चिनी भाषेत झूसान्ली म्हणतात. तेथे डॉक्टरांनी सुई हलकेच फिरवली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. टोचताना वाळलेल्या बोंडाचे टोक बोटाला लागावे तेवढेच लागले, पण मग पाय आतून जड झाला आणि पोटरीत मुंग्या उतरत गेल्या, असे तिने नंतर सांगितले. हा जडपणा अपेक्षितच असतो. मात्र विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगायचे असते. सुया पंचवीस मिनिटे तशाच ठेवल्या जातात आणि त्या वेळात आईला बहुतेकदा डुलकी लागत असे.

चौथ्या सिटिंगपासून मोक्साचा शेक सुरू झाला. वाळवून कुटलेल्या पाल्याची जळती कांडी कातडीला न टेकवता वर धरतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच गोतातली आहे. शेक आईला फार आवडला. परंतु मे महिन्याच्या उन्हात दारे-खिडक्या बंद ठेवलेल्या त्या खोलीत धूर बाहेर जायला पंखा नव्हता, ही या दवाखान्याची मोठी उणीव होय. दमा असलेल्यांनी शेक नको म्हणून आधीच सांगावे. कपिंग म्हणजे काचेच्या पेल्यांनी लावलेली आपली तुंबडीच. तिचे लालकाळे वण काही दिवस राहतात, म्हणून आईने नकार दिला आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

तिसऱ्या सिटिंगपर्यंत काहीही फरक नव्हता, उलट एका जागी रक्त साकळून निळा डाग पडला होता. पाचव्यानंतर रात्रीचा ठणका कमी झाला. दहाव्यानंतर आई एसटीच्या पायऱ्या माझा हात न धरता चढू लागली, मात्र मांडी घालून बसणे तिला आजही जमत नाही. जर्मनीत गुडघ्यांच्या १००७ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲक्युपंक्चर घेतलेल्या ५३ टक्के रुग्णांना चांगला उतार पडला होता, परंतु ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे वरवर सुया टोचलेल्यांनाही ५१ टक्क्यांपर्यंत तो पडला होता आणि केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. म्हणून वेदना कमी होते हे मी मानतो, पण झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आमच्या डॉक्टरांनी तसे एकदाही म्हटले नाही, आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठीच.

याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तेथे आईची रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगून नाव नसलेल्या चिनी चूर्णाच्या पुड्या देण्यात आल्या. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींतील ॲरिस्टोलोकिक ॲसिडमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, तेव्हा अशा पुड्या घरात ठेवण्याचाही धोका पत्करू नये. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याचे नोंदणी प्रमाणपत्र मागून पाहण्यात संकोच बाळगू नये.

एका सिटिंगचे ४०० रुपये पडले, पण दहांचे पैसे आगाऊ घेतले गेले आणि ते मला पटले नाही. वेचणीच्या दिवसांआधी आणखी चार सिटिंग घ्यायचे आईने स्वतःहून ठरवले आहे. या वेळी त्या-त्या दिवशीच पैसे देणार असल्याचे मी दवाखान्यात सांगून ठेवले आहे.