पॉवर सप्लाय टेस्टर: ‘बाद’ म्हणाला तर मानायचं, ‘ठीक’ म्हणाला तर थांबायचं

ओळखीत कुणाचा डेस्कटॉप सुरू व्हायचा थांबला की फोन मला येतो. ‘बटण दाबलं तर काहीच होत नाही’, एवढ्यावर निदान सांगायचं! शेवटी हातात मावणारा, छोट्या स्क्रीनचा पॉवर सप्लाय टेस्टर घेतला, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा आतला डबा (पॉवर सप्लाय) तपासणारं यंत्र. बरेच महिने वापरल्यावर त्याच्याबद्दल चांगलं-वाईट दोन्ही सांगता येईल.

वापरायला अगदी सोपा आहे. भिंतीवरचा स्विच बंद करायचा, मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर सोडवून टेस्टरला लावायचा, सीपीयूचा ८ पिनांचाही त्याच्या खाचेत बसवायचा आणि मग सप्लाय चालू करायचा. हिरवी तार काळ्या तारेला जोडून सप्लाय जागा करायचं काम, जे बरेच जण पेपरक्लिपने करतात, ते टेस्टर आतल्या आत करतो. पेपरक्लिपने फार तर पंखा फिरताना दिसतो. इथे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट, उणे १२ आणि स्टँडबायचे (मशीन बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट असे सगळे आकडे एकदम समोर येतात. स्टँडबायचा आकडा मी आधी बघतो, कारण तोच नसेल तर केसवरचं, म्हणजे मशीनच्या डब्यावरचं, बटण कितीही दाबा, बोर्डाला त्याचा पत्ताच लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता आकडा मात्र पीजी, म्हणजे पॉवर गुड. सगळे व्होल्ट स्थिर झाले की सप्लाय करड्या तारेवरून बोर्डाला तसा इशारा देतो. तो १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा. आलाच नाही, तर बाकीचे व्होल्ट चोख असूनही मशीन उठत नाही. व्होल्ट मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरला ही वेळ पकडता येत नाही, टेस्टर ती सरळ आकड्यात दाखवतो.

आता तक्रारी. स्क्रीनवर दशांशाचा एकच अंक आहे. १२ व्होल्टला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, तिथे एक अंक पुरतो. पण ३.३ ची खालची मर्यादा ३.१३५ आहे. स्क्रीनवर ३.१ दिसलं तर खरा आकडा ३.१४ आहे की ३.०८, काय समजायचं? एक पास, एक नापास, आणि दोन्ही दिसायला सारखेच. शिवाय बिघाड सापडला की हा असा किंचाळतो की शेजारच्या खोलीतून माणूस उठून येतो. कनेक्टरची खाच घट्ट आहे, काढताना तारा ओढू नका, खिट्टी दाबूनच काढा.

पण खरी उणीव वेगळीच आहे. हे यंत्र सप्लायवर भार टाकतं ते अगदी नावापुरता. एका नातेवाइकाच्या मशीनचा पंखा बटण दाबल्यावर अर्धी गिरकी घेऊन थांबायचा. टेस्टरवर सगळं ठीक, पीजीसुद्धा मर्यादेत. मग सप्लाय पुन्हा बोर्डाला जोडला, मल्टिमीटरची काळी टोचणी मोलेक्सच्या (सप्लायच्याच चार पिनांच्या कनेक्टरच्या) काळ्या तारेत, लाल टोचणी पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेत घातली आणि बटण दाबायला सांगितलं. १२ व्होल्ट क्षणात दहाच्या घरात घसरले आणि मशीन गप्प. आता बोर्डावर कुठे शॉर्ट असेल तरी असंच होऊ शकतं, म्हणून चालू असलेल्या दुसऱ्या मशीनचा सप्लाय लावून बघितला. बोर्ड पहिल्या झटक्यात उठला. म्हणजे सप्लायच थकलेला होता. रिकाम्या पाठीने ताठ चालणारा हमाल पोतं उचलताच बसावा, तसा. टेस्टरने त्याला रिकाम्या हातांनीच चालवून पाहिलं होतं.

त्यामुळे टेस्टरने ‘बाद’ म्हटलं की मी सप्लाय बदलतो, फार विचार करत नाही. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत मात्र पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठून राहू शकते. ‘ठीक’ म्हटलं तर एवढंच कळतं की सप्लाय पूर्ण मेलेला नाही. मग केसचं बटण: बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बघायच्या. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा. नाही झालं तर रॅमची एकच पट्टी ठेवून, ग्राफिक्स कार्ड काढून (बोर्डावरच डिस्प्लेची सोय असेल तर) पुढे जायचं.

घरात एकच मशीन असेल तर हा घेऊ नका, मल्टिमीटर घ्या, तो इतरही शंभर कामांना येतो. माझ्यासारखे सगळ्यांचे बिनपगारी मेकॅनिक असाल तर घ्या. फक्त एक बघून ठेवा: काही नव्या मशीनमध्ये फक्त १२ व्होल्ट देणारा, १० पिनांच्या कनेक्टरचा सप्लाय असतो. त्याला हा जोडताच येत नाही.