चार रविवार आणि "विचारून सांगतो": साडेतीन स्टार

आमच्या बडोद्यातल्या एका चर्चमधे पाळकसाहेबांनी चार रविवार उपासनेनंतर चर्चा ठेवली होती, विषय "मंडळीत (म्हणजे चर्चच्या लोकांत) जागा कोणाला", मराठीत, फुकट, चहा-बिस्किटं पण फुकट. चर्चचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी आहेत आणि मला परत तिथेच जायचंय.

पहिला रविवार जेमतेम. बायबलमधलं गलतीकर ३:२८, यहूदी नाही हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही स्वतंत्र नाही, हे आम्ही संडेस्कूलपासून ऐकतोय, मागे दोघं सरळ पेंगत होते. माइक खरखरत होता ते वेगळंच.

दुसऱ्या रविवारी मात्र साहेबांनी आपल्याच गावातली गोष्ट काढली. १९१७ साली आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी इथे आले, कुठे जागा मिळेना म्हणून पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात, मग कमाटी बाग, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, हे मला पन्नाशी आली तरी माहीत नव्हतं! हिंदू मित्र म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. मूळचं ब्राह्मण घर, बाप्तिस्म्यानंतर नवरा मोकळ्या विचारांचा झाला, बायको नाही झाली, म्हणजे ते गोड शब्दातलं नाहीच होतं. हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. रात्री ९ च्या मुंबई गाडीपर्यंत ते बागेत बसून राहिले.

साहेब पुढे काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की आपण कोणाकोणाला "विचारून सांगतो" म्हणालोय ते घरी जाऊन आठवा. मला स्कूटरवरच आठवलं. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आमची वरची खोली बघायला आला होता, मंडळीतलाच, आडनाव ऐकून मी म्हटलं ह्यांना विचारून सांगते. ह्यांना मी काही विचारलं नव्हतं.

तिसरा रविवार कायद्याचा. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश, त्यात आधी फक्त हिंदू, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध, ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेरच. माहिती पक्की होती आणि सरकारला नावं ठेवायची असली की हॉल कसा एकदम खूश असतो.

चौथ्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. द्राक्षरसाच्या काचेच्या इवल्या प्याल्यांचा ट्रे दरवेळी कमिटीवाले फिरवतात, ह्यावेळी साहेबांनी तो झाडलोट करणाऱ्या मावशींच्या हातात दिला. मावशींनी आधी पदराला दोनदा हात पुसले. पुढच्या बाकावरचे एक काका ट्रे यायच्या आत फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता, मी शेजारीच होते.

आता तक्रारी. सामावून घेण्याची चर्चा, आणि हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या आईला दोन पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं, ती पूर्ण वेळ उतरायचं कसं ह्याच काळजीत. दुसरं म्हणजे एका कॉलेजच्या पोराने धीर करून विचारलं की समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा कलम ३७७ वर २०१८ ला कोर्टाचा निकाल आला, मग आमच्यासारख्यांचं चर्चमधे काय? इतकं छान बोलणारे साहेब तिथे मात्र आपण सगळे देवाची लेकरं म्हणाले आणि घड्याळ बघून प्रार्थनेला उभे राहिले. विचारून सांगतो, दुसरं काय! अर्धा स्टार लिफ्टचा कापला, एक ह्याचा.

पुढची चर्चा खाली अंगणात ठेवणार म्हणे. कार नेऊ नका, आत फक्त दुचाक्या मावतात.