टू-पॅक इपॉक्सी प्राइमर: एक कोकणी पावसाळा काढल्यावर

गाडीच्या दोन्ही रनिंग बोर्डांना, म्हणजे दारांखालच्या पोकळ पेट्यांना, नवा पत्रा वेल्ड करून घेतला, त्यावर आता अख्खा पावसाळा पडून गेलाय. म्हणजे लिहायला हरकत नाही. गाडी जुनी मारुती ८००, मुक्काम रत्नागिरी, खारा वारा चोवीस तास. ज्यांच्या गाड्या पुण्यात शेडखाली झोपतात त्यांनी यातलं थोडं वजा करून वाचावं.

डावी बाजू गॅरेजच्या नेहमीच्या पद्धतीनं झाली: सीओटू वेल्डिंग, ग्राइंडर, रेड ऑक्साइड प्राइमरचा हात, वर लांबी (खड्डे भरायची पुट्टी), रंग. उजवीकडे मी टू-पॅक इपॉक्सीचा, म्हणजे वापरताना हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या प्राइमरचा, हट्ट धरला. पेंटर म्हणाला, "काका, एवढ्याशा पॅचला एवढा महाग डबा?" डब्याची किंमत बघून मलाही तेच वाटत होतं.

तयारी दोन्हीकडे सारखी नव्हती, हेही सांगायला हवं. उजवीकडची वेल्ड ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कनं, थांबत थांबत उतरवली. जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पत्रा, जास्त तापला की पोट काढतो. मग आतून टॉर्च धरून सुईएवढी भोकं शोधली आणि पुन्हा टाके मारून घेतले. पुसायला दोन फडकी: एकानं ग्रीस रिमूव्हर लावायचं, दुसऱ्या कोरड्यानं ते वाळायच्या आत उचलायचं. पेंटर गंजाचं ॲसिड लावायला निघाला होता, त्याला थांबवलं; ते नीट धुतलं गेलं नाही तर इपॉक्सी पकड धरत नाही. इपॉक्सी सुकल्यावर १८० चा पेपर मारला आणि मगच लांबी भरली.

आता तक्रार. हार्डनरच्या डब्याचं झाकण! हे दाबाचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटावं लागतं. पहिल्याच वेळी वाकतं, कडेच्या खाचेत चिकट माल भरतो आणि परत कधी घट्ट बसत नाही. अमाइनवाला हार्डनर हवेतला ओलावा घेतो हे डबा बनवणाऱ्याला माहीत नसेल का? आमच्याकडे जुलैत हवेत ओलाव्याशिवाय दुसरं असतं काय? पुढच्या वेळी उघडला तर वर साय. खोकल्याच्या औषधाला फिरकीचं झाकण मिळतं, या महागड्या मालाला नाही. त्यात माप चारास एक, मिसळून अर्धा तास ठेवायचं, आणि तळहाताएवढ्या पॅचला कितीही कमी कालवा, थोडं वाया जातंच. उरलेलं घट्ट झालं की फेकायचं. फेकताना हात जड होतो.

इथपर्यंत माझं मत 'पैसे वाया' असं होतं. ऑगस्टमध्ये डाव्या बाजूला फोड आले आणि ते फिरलं. नखानं खरवडलं तर लांबीची खपलीच हातात आली, खाली तांबूस. पॉलिएस्टर लांबीत टाल्क असतं, ती पाणी पिते. शिवाय तिच्यातलं स्टायरीन सिंगल-पॅक रेड ऑक्साइडला मऊ करतं, मग पकड कसली राहणार? गॅरेजवाल्याचं उत्तर एकच: "खारी हवा, आम्ही काय करणार?" तीच हवा उजव्या बाजूलाही होती, तिथं एक फोड नाही.

मी पाचपैकी पाच तारे द्यायच्या बेतात होतो. मग सहज उजव्या रनिंग बोर्डच्या खालच्या भोकातून टॉर्च मारला. बाहेरून चकाचक, आत वेल्डच्या पाठीवर तपकिरी पट्टा. वेल्डिंगच्या आचेनं आतला रंग जळतो आणि त्या पेटीत ब्रश पोचत नाही. प्राइमरचा त्यात दोष नाही, पण तो बाहेरूनच राखण करतो. लांब नळीच्या नोझलनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण, मारलं. डबा इपॉक्सीपेक्षा स्वस्त, काम पंधरा मिनिटांचं. वेल्डिंगनंतर हे कुणी सुचवलं नव्हतं. मारताना पाणी जायची भोकं तेवढी बुजू देऊ नका.

म्हणून चार तारे. झाकणासाठी अर्धा आणखी कापला असता, पण डावी बाजू बघून राग आवरला. ती दिवाळीनंतर पुन्हा कापायचीय. गॅरेजवाला बऱ्याच वादानंतर अर्ध्या मजुरीवर आलाय. साहित्य माझं, आणि वॅक्स त्याच्यासमोर मीच मारणार आहे.