पन्नाशीच्या उंबरठ्यावर सायकल: स्पिन क्लास, घरची की रस्त्यावरची?

पंचेचाळिशी-पन्नाशीत नव्यानं व्यायाम सुरू करायचा म्हटलं की आधी गुडघे आठवतात, आणि मग सायकल. विचार बरोबरच आहे. शरीराचं वजन सीट पेलते, पळताना बसतात तसे सांध्यांना धक्के बसत नाहीत. प्रश्न उरतो तो कुठली सायकल, एवढाच. माझं मत आधीच सांगते: सुरुवात स्पिन क्लासमध्ये करा, म्हणजे ट्रेनरच्या सूचनांवर, गाण्यांच्या तालावर सगळ्यांनी मिळून जागच्या जागी सायकल मारायच्या क्लासमध्ये; खरेदीचं नंतर बघा.

रस्त्यावरच्या सायकलीचा आनंद वेगळाच, हे मान्य. पुण्यात पहाटे खडकवासल्याच्या दिशेनं निघालेले सायकलवाले बघितले की हेवा वाटतो. पण तीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसताना खड्डे, कुत्री आणि मागून हॉर्न देणारी बस या सगळ्यांशी एकदम जमवून घ्यायचं म्हणजे कठीणच, शिवाय पावसाळ्यात खंड पडतो तो वेगळाच. पायांत जोर आल्यावर जरूर जा.

घरच्या, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या व्यायामाच्या सायकलीची खरी ताकद सोय. घरात आजारी सासूबाई असतील, बाहेर पडायची वेळ ठरत नसेल, तर रोज वीस मिनिटं घरी मारलेली सायकल चुकलेल्या क्लासपेक्षा कितीतरी बरी. पण स्वस्त सायकलींचं चाक हलकं असतं, उभं राहून जोर लावला की त्या डगमगतात. आणि आपण चुकीचं बसलोय हे सांगायला घरी कोणी नसतं.

क्लासचा मोठा फायदा मला इथेच दिसतो. स्पिन बाईकच्या सीटशेजारी उभं राहून सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणायची. मग बसून टाच पॅडलवर ठेवायची. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, आणि नवशिक्या माणसाला खालचीच सीट सुरक्षित वाटते. चांगला ट्रेनर क्लास सुरू होण्याआधी हे स्वतः येऊन बघतो.

दुसरी गोष्ट पॅडलची. या सायकलींचं चाक जड असतं आणि बऱ्याच सायकलींत ते पॅडलला थेट जोडलेलं असतं. तुम्ही थांबलात तरी पॅडल फिरतच राहतं. पाय एकदम काढायचा नाही. रेझिस्टन्सचा, म्हणजे पॅडल जड-हलकं करायचा नॉब दाबला की चाक थांबतं. हे पहिल्याच दिवशी करून बघा.

जोखीमही क्लासमध्येच जास्त. गाणी, अंधार, शेजारचा पंचविशीतला मुलगा, या नादात आपण झेपेल त्यापलीकडे जातो. पहिल्याच स्पिन क्लासनंतर रॅब्डोमायोलिसिस होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. एक-दोन दिवसांत मांड्या असह्य दुखल्या, सुजल्या किंवा लघवी काळपट चहासारखी झाली, तर तडक डॉक्टर गाठा. म्हणून ४५ मिनिटांच्या क्लासमधली पहिल्या वेळी वीसच करा, आणि तीही एक वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. बीपी, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाळी गेलेल्या बायकांसाठी आणखी एक. सायकलनं दम वाढतो, पण हाडांवर भार पडत नाही. त्यासाठी चालणं आणि वजनांचा व्यायाम जोडीला हवाच, मग सायकल तिन्हींपैकी कुठलीही असो.

मासिक पास लगेच घेऊ नका. एका क्लासचे पैसे भरा, दहा मिनिटं आधी पोचा आणि सांगा, "मी पहिल्यांदाच आलेय, मध्येच उठेन." ट्रेनरनं सीट लावून दिली आणि दाराजवळची जागा दिली, तर तिथेच पुन्हा जा. नुसतंच "जमेल हो, चला!" म्हणाला, तर दुसरी बॅच बघा.