मनिला रोडची 'क्रिस्टल लॉजिक': सीडी घ्यावी का?

मनिला रोड या अमेरिकन हेवी मेटल बँडची ही रेकॉर्ड घ्यावी, आणि पहिल्यांदा ऐकताना 'नेक्रोपोलिस' या गाण्यापाशी थांबू नये. यूट्यूबवर बहुतेक जण तेवढंच ऐकतात. गाणं आहेच तसं, जेमतेम तीन मिनिटांचं, घोडदौडीच्या तालाचं, लगेच तोंडात बसणारं. पण या बँडला एपिक मेटलमध्ये (लांब, महाकाव्यासारख्या कथा सांगणाऱ्या मेटलमध्ये) एवढा मान का, हे कळायला शेवटचं 'ड्रीम्स ऑफ एस्कॅटन' ऐकायला हवं. दहा मिनिटांहून लांब आहे. गायक-गिटारवादक मार्क शेल्टन तिथे अजिबात घाई करत नाही. हळू, जड रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून), वर त्याचा तो नाकातला आवाज, आणि मग असा सोलो की मी दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवतो.

आवाजाबद्दल आधीच सांगतो. उंच, घासूनपुसून लखलखीत गाणारे गायक आवडणाऱ्यांना शेल्टन पहिल्या दिवशी रुचणार नाही. त्याचा गळा गावच्या देवळात रात्रभर पोथी सांगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आहे: गोडवा कमी, पण कथेवर पूर्ण श्रद्धा. 'द व्हेल्स ऑफ निगेटिव्ह एक्झिस्टन्स'मध्ये तोच गळा गुरगुरतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

रेकॉर्ड १९८३ची, कॅन्ससमधल्या विचिटाची. तिघंच जण: शेल्टन, बेसवर स्कॉट पार्क, ड्रम्सवर रिक फिशर. रोडस्टर रेकॉर्ड्स हे लेबलही त्यांचं स्वतःचंच. बँड सुरू झाला १९७७ला. 'इन्व्हेजन' (१९८०) आणि 'मेटल' (१९८२) या आधीच्या रेकॉर्ड्समध्ये सत्तरच्या दशकातलं हार्ड रॉक अजून रेंगाळतंय. इथे त्यांना स्वतःची वाट सापडली. रेकॉर्डिंग कोरडं आहे, पैसा कमी होता हे ऐकू येतं. मी बेस वाजवतो, आणि मला हा कोरडेपणा मनापासून आवडतो, कारण तिन्ही वाद्यं वेगवेगळी हाताला लागतात. आजच्या एपिक बँडांच्या ऑर्केस्ट्रा नि कोरसच्या थरांत ते मिळत नाही.

'फीलिंग फ्री अगेन' मात्र मला इथे परकंच वाटतं. रेडिओसाठी केल्यासारखं हलकं गाणं, सगळा माहोल मोडतं. मी ते सरळ पुढे ढकलतो.

माझ्याकडे नंतरच्या आवृत्तीची सीडी आहे. तिच्यात 'फ्लेमिंग मेटल सिस्टिम्स' जादा आहे. ते मूळ अल्बमचं नाही, श्रॅपनेल या लेबलच्या 'यू.एस. मेटल' मालिकेतल्या तिसऱ्या संकलनातलं आहे. त्यातली गिटार ऐकण्यासाठी तरी हीच आवृत्ती शोधा.

शेल्टन २७ जुलै २०१८ रोजी जर्मनीत गेला, एका फेस्टिव्हलमध्ये वाजवल्यानंतर. वय ६०. त्याच्याबरोबर बँडही थांबला. ही सीडी आवडली तर पुढची 'ओपन द गेट्स' (१९८५) घ्या. तिथे ड्रम्सवर रँडी फॉक्स आहे, आणि तो फिशरपेक्षा कितीतरी जास्त आक्रमक वाजवतो.